घरच्या मास्तरांना पंधरा दिवस सुट्टी

तीर्थस्वरूप दादा यांस,

साष्टांग नमस्कार. (आठ अंगांपैकी गुडघे हे अंग सध्या रजेवर आहे, उरलेल्या सातांचा स्वीकार व्हावा.) आपली प्रकृती ठीक असेल, दातांची नवी कवळी आता आपल्याशी जुळवून घेत असेल आणि वहिनी आपल्याला जिना उतरताना कठडा धरायला लावत असतील, अशी आशा करतो. इकडे आम्ही उभयता खुशाल आहोत. 'खुशाल' हा शब्द बऱ्याच दिवसांनी जीभ न चावता लिहितो आहे. त्याचं कारण पुढे येईल. त्याआधी एक गंभीर तक्रार आपल्या पायाशी ठेवायची आहे. ती आपल्याविरुद्धच असल्यामुळे न्यायही आपणच करावा.

तक्रार 'द' या शब्दाविषयी आहे. आपण इंग्रजीचे निवृत्त मास्तर. आपल्या धाकट्या बहिणीसाठी आपण व्याकरणाचं जे जाडजूड पुस्तक टपालाने पाठवलंत, त्यातली निम्मी पानं या एका अक्षराने खाल्ली आहेत. मी आयुष्यभर संस्कृत शिकवलं. आमच्याकडे शब्दाला लिंग असतं, वचन असतं, विभक्ती असते; चांगल्या घरातल्या माणसासारखा तो आपण कुणाचे कोण हे सांगूनच आत येतो. या 'द'ला लिंग नाही, वचन नाही, विभक्ती नाही, आणि खोलात जाऊन विचारलं तर अर्थही नाही. तरी प्रत्येक नामाच्या दारात हा बसलेला. घरजावयासारखं आहे त्याचं: काम काही नाही, पण एखाद्या दिवशी दिसला नाही की सगळे विचारतात, आज कुठे गेले? (घरजावई हा केवळ दृष्टान्त. आपल्या घराण्याने मला ती संधी दिली नाही.) बरं, बसायचं तर सगळीकडे सारखं बसावं. तर नदीपुढे बसतो, तळ्यापुढे बसत नाही. डोंगर एकटा असला की फिरकत नाही, डोंगरांची रांग दिसली की धावत येतो. सूर्याला लागतो, शुक्राला लागत नाही. मी वैतागून आपल्या पुस्तकाच्या समासात पेन्सिलीने 'का?' असं लिहिलं. पान उलटलं, तर पुढच्या समासात आपल्याच अक्षरात, फिकट झालेल्या जुन्या शाईत, 'का?' लिहिलेलं. दादा, त्या क्षणापासून माझा आपल्याबद्दलचा आदर वाढला आणि इंग्रजीबद्दलचा संपला.

आता मुळापासून सांगतो, कारण हिने आपल्याला फोनवर 'बरं चाललंय' यापलीकडे काही सांगितलेलं नसणार. हिच्या कमरेचं दुखणं आपल्याला माहीत आहे. बंदरावरच्या क्रेनची केबिन म्हणजे आकाशात टांगलेली काचेची पेटी. त्यात दिवसभर पुढे वाकून बसायचं, पायांखालच्या काचेतून खाली बघायचं आणि जहाजातले कंटेनर उचलून अलगद धक्क्यावर ठेवायचे. इतकी वर्षं हिने ते अशा हाताने केलं की कंटेनर टेकल्याचा आवाज येत नसे. (घरातली भांडी मात्र आवाज करूनच टेकतात. तो आवाज बहुधा माझ्यासाठी असावा.) पण कंपनीच्या डॉक्टरने यंदा स्पष्ट सांगितलं, शिडी बंद. शिडी बंद म्हणजे पुढे दोन वाटा. एक, फाटकाशेजारच्या खोपटात बसून आत येणाऱ्या ट्रकांच्या पासांवर शिक्के मारणं. दुसरी, धक्क्याच्या टोकाला मनोरा आहे त्याच्या माथ्यावरची खोली. त्या खोलीतून जहाजांना रेडिओवर सांगतात, कुणी आत यायचं, कुठे लागायचं, कुणी बाहेर थांबायचं. (मनोऱ्याला लिफ्ट आहे. कमरेच्या दृष्टीने पाहता सगळ्या खटाटोपाचं मूळ ही लिफ्ट.) त्या खोलीत जायचं तर तोंडी परीक्षा द्यावी लागते, आणि ती इंग्रजीत, कारण जहाजं जगभरची असतात आणि त्यांच्यावरची माणसं जे काही बोलतात ते इंग्रजी समजूनच बोलतात. वयाच्या अटीमुळे हिला ही परीक्षा एकदाच देता येणार होती. शिक्क्यांच्या खोपटाबद्दलही ही एकदाच बोलली. जेवता जेवता म्हणाली, "तिथं बसवलं तर मी वर्षात म्हातारी होईन." आणि भाजी वाढून घेतली. आपल्याला आपली बहीण ठाऊक आहे. ती तक्रार करत नाही, नोंद करते.

शिकवायचं काम मी आपणहून अंगावर घेतलं. यंदा माझ्या संस्कृतच्या वर्गाला जितकी मुलं आली ती एका बाकावर मावली, आणि तरी बाकाला काही जाणवलं नाही. शाळेने विषय बंद केला, मला ग्रंथालयाची किल्ली दिली आणि सगळ्यांनी माझं अभिनंदन केलं. म्हणजे माझ्याकडे शिकवण्याची खुमखुमी होती पण विद्यार्थी नव्हता, आणि हिच्याकडे परीक्षा होती पण मास्तर नव्हता. याला आमच्याकडे सुयोग म्हणतात असं मी हिला सांगितलं. ही म्हणाली, आमच्याकडे याला अडकणं म्हणतात.

मी पद्धतशीर माणूस. इंग्रजीला शिस्त नाही, तेव्हा ती आपण लावावी म्हणून मी सूत्रं रचली. संस्कृतात, अर्थात; इंग्रजीचे नियम इंग्रजीत सांगणं म्हणजे चोरालाच साक्षीला बोलावणं. पहिलं सूत्र 'स्वरश्रवणे ॲन्'. पुढच्या शब्दाच्या आरंभी स्वर ऐकू आला तर 'ॲन', नाही तर 'अ'. दिसण्यावर काही नाही, सगळं ऐकण्यावर. 'अवर' लिहिताना आधी 'ह' काढतात, पण बोलताना तो गायब, म्हणून 'ॲन अवर'. 'युनिव्हर्सिटी' लिहिताना स्वर, पण कानाला लागतो 'य', म्हणून 'अ युनिव्हर्सिटी'. ही भाषा कानाचं ऐकते असा मला सापडलेला हा एकमेव प्रसंग, आणि त्या दिवशी मी खुशीत हिला चहा करून दिला. (तो चहा हिने 'अ कप ऑफ टी' असं म्हणून मोरीत ओतला. वाक्य निर्दोष होतं.)

मग बघण्याचा धडा आला. आपल्याकडे 'बघणे' या एका क्रियापदावर पिढ्या निघाल्या. आपण वाट बघतो, स्थळ बघतो, करून बघतो, आणि वेळ आली तर 'बघतोच तुला' असंही म्हणतो. त्यांच्याकडे आपोआप नजरेला पडलं तर 'सी', मुद्दाम मान वळवली तर 'लुक', आणि हलणाऱ्या गोष्टीवर डोळा ठेवला तर 'वॉच'. मला वाटलं हे जड जाईल. पण हिने दुसऱ्याच दिवशी उदाहरण तयार केलं: ती क्रेनमधून कंटेनर वॉच करत असे, खालच्या माणसाकडे लुक करत असे, आणि घरी येऊन माझा पसारा सी करते. 'सिन्स' आणि 'फॉर'चंही तसंच. सिन्स म्हणजे बिंदू, फॉर म्हणजे रेषा, असं मी भिंतीवर खडूने काढून दाखवलं. हिने विचारलं, मग आपलं लग्न कशात येतं? मी म्हणालो, तारीख सांगितलीस तर सिन्स, किती वर्षं ते सांगितलंस तर फॉर. थोडा विचार करून म्हणाली, तारीखच सांगत जाऊ, कमी वाटतं. सगळ्यांत मोठा तंटा झाला तो न मोजता येणाऱ्या नामांवर. माहिती, सामान, सल्ला या वस्तू इंग्रजीत मोजत नाहीत, त्यांचं अनेकवचन होत नाही. जिने जन्मभर जहाजातला माल मोजून उतरवला तिला 'सामान मोजता येत नाही' हे आपण समोर बसून सांगून पाहा. ती मला मालधक्क्यावर घेऊन जायला निघाली होती. सल्ला मोजता येत नाही हे मात्र लगेच पटलं. तुम्ही देता तो तर नाहीच, म्हणाली.

इथे एक कबूल केलं पाहिजे की शिक्षकाचीही एकदा परीक्षा झाली. नकारार्थी प्रश्नाला उत्तर द्यायची आपली रीत आणि त्यांची रीत उलट आहे. 'गोळी घेतली नाही का?' असं कुणी विचारलं आणि आपण घेतलेली नसली, तर आपण म्हणतो, 'हो, नाही घेतली.' त्यांच्याकडे 'हो'च्या मागोमाग 'नाही' येऊच शकत नाही. नाही तर नाहीच. हा नियम मी हिला शिकवला, हिने पक्का केला, आणि मी विसरलो. संध्याकाळच्या चहापासून भांडी होईपर्यंत घरात इंग्रजीच बोलायचं असा आमचा करार होता. त्या वेळात ही रोज इंग्रजीत विचारायची, रक्तदाबाची गोळी घेतली नाहीत का? मी आपला मराठी मनाने 'येस' म्हणायचो, म्हणजे हो, नाही घेतली, दे. ती इंग्रजी मनाने समजायची, घेतली. दोघंही आपापल्या जागी बरोबर, आणि गोळ्या डबीत. पुढच्या वेळी डॉक्टरांनी पट्टा दंडाला बांधला, आकडा वाचला आणि पुन्हा बांधला. तेव्हापासून औषधपाणी हा विषय मराठीत चालतो.

पण माझा खरा पराक्रम वेगळाच, आणि तोच आमच्या मुळावर येणार होता. मी नियम केला होता की या घरात मोडकं वाक्य पडून राहता कामा नये. ऐकलं की दुरुस्त करून लगेच परत म्हणायचं. सुरुवातीला मी हिची वाक्यं दुरुस्त करत असे. मग ही स्वतःची स्वतः करू लागली. मग इतरांची. क्रेनवरचा हिचा जोडीदारही त्याच परीक्षेला बसला होता. त्याला सगळं बंदर 'भोंगा' म्हणतं, कारण त्याने धक्क्यावरून हाक मारली की जहाजातला माणूस भिंत धरतो. तो सुट्टीच्या दिवशी आमच्याकडे अभ्यासाला यायचा. तो 'आय डिड नॉट वेंट' म्हणाला की ही शेंगा सोलता सोलता, मान वर न करता म्हणायची, 'डिड नॉट गो'. त्याने 'रिटर्न बॅक' म्हटलं की ही 'रिटर्न' म्हणायची आणि 'बॅक' कचऱ्यात. पुढे पुढे ही टीव्हीवर बातम्या वाचणाऱ्या बाईंनाही दुरुस्त करू लागली. भोंगा एकदा मला बाजूला घेऊन (म्हणजे गल्लीला ऐकू जाईल इतक्या हळू) म्हणाला, सर, वहिनींसमोर बोलायची भीती वाटते. मला, दादा, अभिमान वाटला.

मध्यंतरी हिने एकदा म्हटलं होतं की वरच्या खोलीत ऐकलेला हुकूम जसाच्या तसा परत म्हणून दाखवावा लागतो, त्याचाही सराव करायचा का. मी हसलो. त्यात काय, म्हणालो, ती नुसती पोपटपंची, कुणालाही जमते. हे मी म्हणालो. ज्याच्या गुरुजींनी एक ऱ्हस्व दीर्घ झाला तर अख्खा पाठ पहिल्यापासून म्हणायला लावला, तो मी.

परीक्षेच्या दिवशी काय झालं ते हिने चार शब्दांत सांगितलं. सविस्तर हकीकत मला भोंग्याकडून कळली, परीक्षा मनोऱ्याच्या माथ्यावरच होती आणि तो आपली पाळी येईपर्यंत त्याच खोलीत बाकावर बसला होता. परीक्षक म्हणजे एक निवृत्त कप्तान. अर्धं आयुष्य समुद्रावर गेलेलं, आणि इंग्रजी म्हणाल तर प्रत्येक बंदरातून थोडं थोडं उचललेलं, कधी डागडुजीला न लावलेलं. ते पडद्याआड एका रेडिओवर बसणार, परीक्षार्थी दुसऱ्या रेडिओवर. त्यांनी हुकूम द्यायचा, समोरच्याने तो परत म्हणायचा. पहिला हुकूम आला: 'सेकंड टग गो नॉर्थ वॉल, वेट देअर टिल आय टेल.' (टग म्हणजे मोठ्या जहाजांना ओढून नेणारी छोटी बोट.) आपल्या बहिणीने शांतपणे परत म्हटलं: 'द सेकंड टग शुड गो टू द नॉर्थ वॉल अँड वेट देअर अंटिल यू टेल मी.' दादा, भोंग्याने हे सांगितलं तेव्हा क्षणभर माझे डोळे भरून आले. दोन्ही 'द' जागच्या जागी. आणि 'टेल'ला माणूस लागतो, तोही ती विसरली नाही. पडद्याआडून कप्तान म्हणाले, मी म्हणालो तसं म्हणा. पुढचा हुकूम होता दोरांविषयी 'इन्फॉर्मेशन्स' देण्याचा. हिने परत म्हणताना शेवटचा 'स' छाटला. तिसरा होता, 'डिस्कस अबाउट बर्थ विथ पायलट.' (बर्थ म्हणजे धक्क्यावरची जहाज लागायची जागा.) हिने 'अबाउट' काढून टाकलं, कारण 'डिस्कस'ला ते चालत नाही, आणि सुटलेल्या जागी दोन 'द' ठेवले. तेव्हा कप्तान कानावरचं यंत्र काढून पडद्याबाहेर आले आणि आपल्या भाषेत म्हणाले, "बाई, तुम्ही माझा हुकूम ऐकताय की तपासताय?"

ही म्हणाली, "सवय लागली, साहेब. आमच्या घरी मोडकं खपत नाही."

कप्तान चिडले नाहीत, हे वाईट झालं. चिडलेला परीक्षक निवळतो. ते समजावून सांगू लागले. रेडिओवर तुम्ही माझे शब्द बदलून म्हटलेत तर मला कळायचं कसं, की तुम्ही मला ऐकलंत की स्वतःलाच ऐकलंत? चुकीचा हुकूम असला तरी तसाच परत आला पाहिजे, तर मला माझी चूक दिसेल. एवढं बोलून ते टेबलाशी गेले आणि काहीतरी लिहू लागले. भोंगा म्हणतो, भुवयांवरून ते शून्यच होतं. ही खुर्चीत ताठ बसून होती, कमरेला हात लावला नाही म्हणे, आणि खिडकीतून फाटकाकडे बघत होती. (सी, लुक की वॉच, हे मी त्याला विचारलं नाही.)

तेवढ्यात खोलीतला खरा रेडिओ वाजला. बाहेर एक मालवाहू जहाज येऊन थांबलं होतं. जहाज आत आणणाऱ्या वाटाड्याला पायलट म्हणतात. तो लहान बोटीतून जातो आणि जहाजाच्या अंगावर सोडलेल्या दोराच्या शिडीने वर चढतो. त्याची बोट निघालेली होती. जहाजावरचा कुणी घाईघाईने बोलू लागला. भोंग्याने मला नक्कल करून दाखवली: लॅडर नो गुड, लेफ्ट, मॅन नो, रोप फिनिश, अदर, अदर. ड्यूटीवरच्या तरुण अधिकाऱ्याला वाटलं, डाव्या बाजूला दोर संपलेत, नवे मागतायत. त्याने पुन्हा विचारलं. पलीकडचा माणूस आणखी घाबरला, आणि घाबरला तशी त्याची उरलीसुरली वाक्यंही सुटी झाली. अधिकारी तिसऱ्यांदा विचारणार, तर ही उठली, त्याच्या खांद्यावरून वाकून बटण दाबलं आणि एकेक शब्द ठेवत इंग्रजीत विचारलं: तुमची डाव्या बाजूची शिडी तुटली आहे, पायलटने उजव्या बाजूला यावं, बरोबर?

क्षणभर नुसती खरखर. मग पलीकडून येस मॅडम, येस मॅडम, असं इतक्यांदा आलं की अधिकाऱ्याने आवाज कमी केला आणि पायलटच्या बोटीला वळायला सांगितलं. पायलट तोवर बोटीच्या काठावर उभा राहून त्याच शिडीला हात घालायच्या बेतात होता. नंतर तो मनोऱ्यावर आला, कोण बोललं ते विचारलं, हिला बघितलं, आणि माठातलं पाणी पिऊन गेला.

कप्तानांनी लिहिलेला कागद फाडला नाही. ते तसं नाटकी नाहीत. त्यांनी हिला पुन्हा यंत्रावर बसवलं आणि नव्याने हुकूम दिले, आधीपेक्षा जास्त मोडके. बहुधा मुद्दाम. हिने सगळे जसेच्या तसे परत केले. 'इन्फॉर्मेशन्स' म्हणताना हिच्या तोंडावर चिंच खाल्ल्याचा भाव होता, पण 'स' पूर्ण म्हटला, असं भोंगा शपथेवर सांगतो. शेवटी कप्तान म्हणाले, "हुकूम आला की जसाच्या तसा म्हणायचा. घाबरलेला माणूस आला की आज केलंत तसं करायचं. यातलं दुसरं मला शिकवता येत नाही, ते तुम्ही करता. पहिलं पंधरा दिवसांत पक्कं करा, आणि तोवर घरच्या मास्तरांना सुट्टी द्या." उत्तीर्ण. भोंगाही उत्तीर्ण झाला, यंत्रापासून हातभर लांब बसून बोलण्याच्या अटीवर.

मला ही बातमी ग्रंथालयात कळली. भोंग्याचा फोन आल्यामुळे ती वाचनकक्षातल्या सगळ्यांनाच कळली. एरवी मी तिथे शांतता पाळा असं बोट दाखवतो, त्या दिवशी मला ते सुचलं नाही. मी दोन कपाटांच्या मध्ये जाऊन, शिडीच्या खालच्या पायरीवर बसलो. आपल्या पुस्तकात 'रिलीफ' हा शब्द न मोजता येणाऱ्या नामांत दिला आहे. दादा, त्या नियमाबद्दल माझी काही तक्रार नाही. संध्याकाळी ही घरी आली, चपला काढल्या, खोलीच्या मध्यभागी फरशीवर पाठ टेकून आडवी झाली आणि छताकडे बघून म्हणाली, लिफ्टला आरसापण आहे. मग बराच वेळ हसत होती. हिचं असं हसणं मी बऱ्याच दिवसांत ऐकलं नव्हतं, आणि त्यात दुरुस्त करण्यासारखं काही नव्हतं.

सध्या पंधरवडा चालू आहे. सराव म्हणून ही माझं प्रत्येक वाक्य जसंच्या तसं परत म्हणते. मी म्हणतो, चहात साखर कमी आहे. ही म्हणते, चहात साखर कमी आहे. साखर कमीच राहते. संसारात पहिल्यांदाच माझं म्हणणं शब्दशः ऐकलं जात आहे, आणि ते ऐकण्यासारखं नसतं हे माझ्या लक्षात येत आहे. माझी निम्मी वाक्यं 'नाही, तसं नाही' अशी सुरू होतात. हे मला कुणी सांगितलं असतं तर मी म्हणालो असतो, नाही, तसं नाही.

असो. वहिनींना माझा नमस्कार, आणि जिन्याच्या कठड्याबाबत मी त्यांच्या बाजूने आहे हेही सांगावं. 'द'च्या खटल्याचा निकाल सवडीने द्यावा. आरोपी कुठे पळून जात नाही.

आपला आज्ञाधारक मेहुणा,
(तूर्त सुट्टीवर असलेला) घरचा मास्तर

ता. क. वरच्या पत्रात एक गोष्ट राहिली. मनोऱ्यावरची जागा मिळाली, पण ती इथल्या मनोऱ्यावर नाही. इथली खोली भरलेली आहे. जागा आहे नव्या बंदरावर, गाडीने रात्रभर आणि वर सकाळ एवढ्या अंतरावर. निदान दोन वर्षं तिथे काढावी लागतील. माझी शाळा इथे, निवृत्तीला अजून अवकाश; मी मागे राहणार. हिने अजून हो म्हटलेलं नाही. कप्तान महिनाअखेरपर्यंत थांबणार आहेत. नाही म्हटलं तर फाटकाचं खोपटं आहेच. हे मला हिने नव्हे, भोंग्याने सांगितलं. मी विचारलं तेव्हा ही 'बघू' म्हणाली आणि कपडे वाळत घालायला गेली.

पुन्हा ता. क. म्हणून खरी विनंती. ही जगात एकाच माणसाचं ऐकते, आणि तो मी नाही. आपण हिला लिहावं, की जा. मी सांभाळून घेईन असं लिहू नये. ते तिला पटणार नाही, आणि तिचंच खरं आहे. तिच्या मनात माझ्या गोळ्या आहेत, माझे गुडघे आहेत, आणि वर्ग बंद झाल्यापासून मी संध्याकाळी दिवा न लावता बसतो ते आहे. शिकवणी तिने त्यासाठीच चालू दिली असावी असं मला आता वाटतं. पुस्तक घेऊन ती एकटीही बसली असती. आपण फक्त एवढं लिहा की क्रेनवर चढणारी ती आपल्या घरातली पहिली, आणि मनोऱ्यावर बसणारीही तीच असावी. या पत्रातलं एकही वाक्य उचलू नका, ती माझी वाक्यं ओळखते. आणि कृपा करून लवकर लिहा.

लवकर का, तेही सांगतो. मी तिला 'जा' म्हटलं आहे. नीट म्हटलं आहे, तोंड बरं ठेवून. पण रोज सकाळी मी आधी हे बघतो, की तिने बॅग माळ्यावरून काढली आहे का, आणि नाही दिसली की मला हायसं वाटतं. ती जाईल याची मला काळजी नाही, दादा. ती माझ्यासाठी राहील, आणि मला बरं वाटेल, याची आहे.